उजनीची चिलापी आली कुठून आणि टिकली कशामुळे?

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण, इंदापूरकडे जाताना ढाब्यांच्या पाट्यांवर एक नाव हमखास दिसते: चिलापी. उजनीच्या पाण्यातला हा मासा स्वस्त, काट्याला कमी आणि तव्यावर चवीला चांगला. मजुरी करणाऱ्या कितीतरी घरांत रविवारचे कालवण याच्यावरच होते. तिशीच्या आतल्या माणसाला विचारले तर तो सांगेल, हा तर आमच्या उजनीचा मासा.

चिलापी उजनीची नाही, भीमेचीही नाही आणि भारताचीही नाही. तिचे मूळ घर आफ्रिका खंडाच्या आग्नेय बाजूला, झांबेझी नदीच्या खालच्या अंगाला आणि तिथून दक्षिणेकडे समुद्राला मिळणाऱ्या नद्यांत आहे. शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस मोसांबिकस. इंग्रजीत तिलापिया, आपल्या तोंडी चिलापी.

परदेशी माशाने आपल्या नद्या गिळल्या, अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे कळायचे तर या माशाचा जन्म, वाढ आणि विणीची पद्धत नीट पाहावी लागते. ते पाहिले की चिलापीपेक्षा आपल्या नदीबद्दलच जास्त माहिती हाती लागते. भीमेवर पोट असलेल्या भोई, कोळी, कहार कुटुंबांचा प्रश्न त्यात आहे, म्हणून हा लेख.

आधी तिचा प्रवास थोडक्यात. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स याने १८५२ साली मोझांबिकमधल्या या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. १९३९ साली तो इंडोनेशियातल्या जावा बेटावर सापडला. ज्या माणसाला सापडला आणि ज्याने तो तळ्यात वाढवला त्याच्या नावावरून तिथे आजही त्याला ‘मुजाइर’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर तो आग्नेय आशियात झपाट्याने पसरला. त्या काळात भुकेल्या देशांना स्वस्त प्रथिने हवी होती आणि हा मासा कुठल्याही डबक्यात वाढत होता. त्याला ‘पाण्यातली कोंबडी’ म्हणत ते उगाच नाही. भारतात तो १९५२ साली आला, तेव्हाच्या सिलोनमधून तामिळनाडूतल्या मंडपमला. त्याच वर्षी बँकॉकहूनही आणला गेला. म्हणजे तो चोरवाटेने शिरलेला नाही, सरकारी संशोधन संस्थेच्या हातून आला आहे. सात वर्षांत धोका लक्षात आला आणि १९५९ साली मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. तोवर मासा तळ्यांबाहेर पडला होता. पावसाळ्यात तळी फुटतात, बीजात बीज मिसळते, एका धरणातले मासे दुसऱ्यात सोडले जातात. बंदी कागदावर राहिली आणि मासा पाण्यात.

आता त्याचे आयुष्य.

विणीच्या काळात चिलापीचा नर ओळखू येतो. एरवी राखाडी-हिरवट दिसणारे अंग काळेभोर होते, गळ्याखालचा भाग पांढरा पडतो, परांच्या कडा लालसर होतात. तो उथळ पाण्यात, चिखलाच्या किंवा वाळूच्या तळाशी तोंडाने माती उचलून बाजूला टाकत गोल खळगा करतो. एक नर खळगा करून थांबत नाही, त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा असे कितीतरी नर आपापले खळगे राखत बसतात. मादी त्यातल्या एकाकडे येते, थोडी थोडी अंडी टाकते आणि टाकल्याबरोबर तोंडात उचलून घेते. फलन तिथेच, खळग्यात किंवा तिच्या तोंडात होते. मग ती निघून जाते. नराचे काम तिथे संपले, तो दुसऱ्या मादीची वाट पाहतो.

पुढचे सगळे मादीच्या तोंडात घडते. तीन ते पाच दिवसांत अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात, पण तोंड सोडत नाहीत. पोटाशी असलेल्या पिवळ्या बलकावर ती जगतात. साधारण दहा-चौदा दिवसांनी आई त्यांना प्रथम बाहेर सोडते. पिल्लांचा झुबका तिच्या डोक्याभोवतीच फिरतो. खंड्या झेपावला, सावली हलली, दुसरा मासा जवळ आला, की ती तोंड उघडते आणि पिल्ले आत शिरतात. आणखी काही दिवस हे चालते. या काळात आई जवळजवळ उपाशी असते. म्हणून अशी मादी जाळ्यात आली तर डोके मोठे, अंग खंगलेले आणि खालचा जबडा फुगलेला दिसतो. जाळ्यात धडपडताना ती पिल्ले तोंडातून टाकून देते. मासा पकडला जातो, पण त्यातली काही पिल्ले पाण्यात निसटतात. नुसते जाळे लावून चिलापी का संपत नाही, याचे हे एक कारण.

अंडी किती? एका खेपेला काही शे, मोठी मादी असेल तर हजार-दीड हजार. ऐकायला बरीच वाटतात, पण तुलना करून बघा. एक किलोची रोहूची मादी एका हंगामात दोन लाखांहून जास्त अंडी देते. तरीही चिलापी पुढे जाते. रोहू आपली अंडी पाण्याच्या भरवशावर सोडून देते. त्यातली बहुतेक वाहून जातात, कुणाच्या तरी पोटात जातात, काठावर सुकतात. चिलापी मोजकीच देते आणि एकेक जपते. शिवाय रोहूचा हंगाम वर्षातून एकदाच, पावसाळ्यात. चिलापीला पाणी साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर असले की पुरे. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ तसाच असतो, त्यामुळे एक वीण आटोपली की महिना-दीड महिन्यात ती पुन्हा तयार.

तिचे सर्वांत मोठे बळ मात्र वयात येण्याच्या वेळेत आहे. मोठ्या पाण्यात, पुरेसे खाणे असेल तर हा मासा फूटभर वाढतो, दहा वर्षांच्या आसपास जगू शकतो आणि सवडीने वयात येतो. तोच मासा दाटीच्या, अडचणीच्या पाण्यात दोन-तीन महिन्यांत, बोटाएवढा असतानाच विणीला लागतो. परिस्थिती वाईट असली की वाढण्यावर खर्च करायची ताकद तो पिल्लांवर खर्च करतो. त्यामुळे पाण्यात मासे उदंड होतात, पण सगळे खुरटलेले. मच्छीमार म्हणतो, पूर्वीसारखी मोठी चिलापी येत नाही. त्यामागे हे गणित आहे. लहान आसाच्या जाळ्यांनी आणि वडापने पाणी खरवडून काढले की ते आणखी बिघडते.

खाण्याबाबतही तिची तक्रार नाही. शेवाळ, तळाचा कुजका गाळ, किडे, दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्ले, जे मिळेल ते. तिच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशीही त्यात फुटतात. पुष्कळ माशांना हे शेवाळ धड पचवता येत नाही. पाण्यातला प्राणवायू घटला की ती वर येऊन पृष्ठभागालगतच्या पातळ थरातले पाणी कल्ल्यांवरून फिरवते आणि तग धरते. खारे पाणीही तिला चालते. चालत नाही ती एकच गोष्ट, थंडी. पाणी दहा-बारा अंशांच्या खाली गेले की ती मरते. उजनीत ती वेळ येत नाही.

एवढे लक्षात ठेवून आता भीमेकडे या. दर १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आपण जिथे जमतो, त्या कोरेगावजवळून हीच नदी वाहते. तिथून खाली रांजणगाव सांडसजवळ तिला पुण्याहून येणारी मुळा-मुठा मिळते. या नद्यांमध्ये एकेकाळी काय होते याची नोंद आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला अधिकारी विल्यम सायक्स याने दख्खनच्या माशांवरचा आपला अभ्यास १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्याने वर्णन केलेल्या माशांत एक होता ‘खुद्री’, आजच्या भाषेत दख्खनचा महसीर. तो त्याला पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळाला. सायक्सने माशांना दिलेली कितीतरी शास्त्रीय नावे इथल्या बोलीतली आहेत. ती नावे त्याला सांगणारे लोक अर्थातच नदीवर जाळे टाकणारे होते. शास्त्रीय नावापुढे सायक्सचे नाव लागते, त्यांचे कुठेच नाही. ज्या पाण्यात खुद्री मिळाला तिथे आज तो दिसत नाही. चिलापी दिसते.

खुद्री का गेला हे समजायला त्याची गरज बघावी. त्याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी हवे, खडकाळ-गोट्यांचा तळ हवा आणि पावसाळ्यात वरच्या अंगाला जायची वाट हवी. आपल्याकडचे बहुतेक मूळचे मासे कमी-अधिक असेच आहेत. मृगाचा पाऊस पडला, नदीला पहिले गढूळ पाणी आले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ओढ्या-नाल्यांत शिरतात आणि तिथे अंडी घालतात. खेड्यातल्या माणसाला ‘चढणीचे मासे’ वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. या माशांचे सगळे आयुष्य त्या एका पुरावर टांगलेले असते. पूर चुकला तर वर्ष चुकले.

आपण त्या नदीचे काय केले? वर घाटमाथ्यापासून धरणांची रांग लावली. १९८० साली उजनी पूर्ण झाले आणि भीमेचा मोठा पट्टा ११७ टीएमसीचे साचलेले पाणी झाला. पहिल्या पुराचे पाणी भिंतीमागे अडू लागले, वर चढायची वाट बंद झाली. गोट्यांचा तळ गाळाखाली गेला, वाळू उपशाने उरलेला खरवडला गेला. वरून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, काही प्रक्रिया केलेले, पुष्कळसे न केलेले, मुळा-मुठेतून उजनीत येऊन थांबू लागले. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते, उन्हाळ्यात पाणी हिरवे पडते, प्राणवायू उतरतो.

म्हणजे साचलेले पाणी, उथळ चिखलाचे काठ, भरपूर शेवाळ, कमी प्राणवायू आणि उबदार हवामान. वर चिलापीच्या गरजा वाचल्या त्या पुन्हा आठवा. आपण खुद्रीचे घर मोडले आणि त्याच जागेवर, आपल्याच पैशाने, चिलापीला घर बांधून दिले.

चिलापी निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही. ती दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्ले खाते, त्यांच्या वाट्याचे खाणे संपवते, खळगे करून तळ ढवळते. राजस्थानातल्या जयसमंद तलावात ती आल्यावर कटला-रोहूसारख्या माशांचे सरासरी वजन घटले. जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. तिचाच भाऊबंद असलेला नाईल तिलापिया आता गंगा-यमुनेत आणि गोदावरीत मूळ धरून आहे. गेल्या दीड दशकात सरकारने काही अटींवर तिलापियाच्या सुधारित जातीच्या पालनाला परवानगी दिली आहे. त्यात वीण होऊ नये म्हणून सगळे नरच वाढवावेत असा दंडक आहे. पण पिंजरा फाटला किंवा शेततळे फुटले तर आतला मासा अटी वाचत बसत नाही.

जाता जाता एक गल्लत दूर करायला हवी. कारवाईच्या बातम्या येतात तो ‘थायी मांगूर’ वेगळा, तो आफ्रिकी मासा आहे आणि त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. चिलापीचा त्याच्याशी संबंध नाही.

आता ‘परका’ या शब्दाकडे येऊ. या शब्दाने काय काय होते हे आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही, म्हणून तो माशाबाबतही जपून वापरावा असे मला वाटते. आपण ज्यांना ‘देशी’ म्हणून कौतुकाने खातो ते रोहू, कटला, मृगळ मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले. महाराष्ट्राच्या धरणांत त्यांची बोटुकली मत्स्यविभाग दरवर्षी सोडतो, तेव्हा ती दिसतात. भीमेच्या दृष्टीने तीही बाहेरचीच.

याहून बोलकी गोष्ट खुद्रीची. तो संपू नये म्हणून टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला महसीरचे पैदास केंद्र चालवले, लाखो पिल्ले तयार केली. काम चांगल्या हेतूचे होते. पण त्यातली पिल्ले कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, नदीतला राजा म्हणावा असा. आपला खुद्री तिथे इतका वाढला की मूळ महसीर मागे पडला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्या महसीरची शास्त्रीय ओळख पक्की केली आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. मुळा-मुठेत नाहीसा झालेला मासा कावेरीत आक्रमक ठरला. आणि चिलापी? आपल्याकडे डोईजड झालेली ही जात आफ्रिकेत, तिच्या स्वतःच्या नद्यांत धोक्यात आहे, कारण तिथे लोकांनी नाईल तिलापिया आणून सोडला आणि दोघांचा संकर होऊन मूळ जात पुसट होत चालली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तिची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे.

तेव्हा माशाच्या जातीत आक्रमकपणा नसतो. कोणता मासा, कोणत्या पाण्यात, कोणत्या अवस्थेत, कोणी सोडला, यावर सगळे ठरते. कारणे जुळली की परिणाम होतो. कारणे तशीच ठेवून फक्त परिणामाला झोडपण्यात अर्थ नाही.

आणि झोडपले कुणाला जाते हेही पाहायला हवे. चिलापी विकणारा, लहान जाळे वापरणारा मच्छीमार समोर दिसतो, त्याच्यावर बोट ठेवणे सोपे असते. उजनीच्या पाण्याखाली गावे गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, त्याचे फोटो सगळे काढतात. नदी वाहती असताना तिच्या डोहांत मासे पकडणाऱ्यांना या धरणाने एका रात्रीत तळ्यावरचे मच्छीमार केले. त्यांची होडी, जाळे, माहिती सगळी नदीची होती. नव्या पाण्यात त्यांना पोटापुरते दिले ते बव्हंशी चिलापीने. उद्या कुणी ती हटवायची मोहीम काढली, तर पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की या घरांत त्या महिन्यात काय शिजेल. एवढ्या मोठ्या, वाहत्या नद्यांना जोडलेल्या जलाशयातून ती पूर्णपणे काढणे तसेही शक्य नाही. तलाव कोरडा करता येतो, भीमा नाही.

मग मागणी कशाची करायची? सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया, ही पहिली. शेवाळ कमी झाले, प्राणवायू वाढला की चिलापीची मक्तेदारी आपोआप ढिली होते आणि उजनीचे पाणी पिणाऱ्या गावांचाही त्यात फायदा आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला धरणांतून थोडे पाणी पुरासारखे नदीत सोडावे, म्हणजे खालच्या माशांना चढण मिळेल, ही दुसरी. बोटुकली सोडताना ती कोणत्या नदीची आहे हे मत्स्यविभागाने जाहीर करावे. आणि या पाण्यातला मासा खाणाऱ्याला त्यात जड धातू किती आहेत हे कळायला हवे, नियमित तपासणीचे आकडे गावात लागले पाहिजेत. हा मासा सर्वांत जास्त खाणारे लोक खासगी प्रयोगशाळेत जाणारे नाहीत.

एक गोष्ट आपल्या हातातली आहे. घरातल्या काचपेटीतले मासे कंटाळा आला म्हणून, किंवा जीव वाचवावा या भावनेने, नदीत किंवा तळ्यात सोडू नका. अनेक बौद्ध देशांत पौर्णिमेला मासे, कासवे पाण्यात सोडण्याची प्रथा आहे. त्यातून परक्या जाती पसरतात आणि सोडलेले जीवही बऱ्याचदा मरतात. सिंगापूरमध्ये वैशाख पौर्णिमेच्या सुमारास तिथले प्रशासन जलाशयांवर स्वयंसेवक उभे करून लोकांना हे समजावते. आपल्याकडे ही प्रथा फारशी नाही, ती नव्याने सुरू करण्याचे कारणही नाही.

दुसरे काम थोडे कष्टाचे आहे. आपापल्या तालुक्यातल्या मासळी बाजारात महिन्यातून एकदा जा आणि कोणते मासे आले याची वही ठेवा. मासळी विकणाऱ्या मावशींना नावे विचारा, ती त्या म्हणतील तशीच लिहा, फोटो काढा. साठी ओलांडलेल्या भोई-कोळ्यांकडे बसून विचारा की त्यांच्या लहानपणी चढणीला कोणते मासे यायचे, कोणत्या ओढ्याला यायचे, शेवटचा खुद्री कुणी पाहिला. एप्रिल-मे महिन्यात पाणी उतरलेल्या काठाने फिरलात तर सुकलेल्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे दिसतील, एकाला एक लागून. ती चिलापीच्या नरांनी केलेली घरटी. ती मोजा, जागा आणि तारीख लिहा. दोन-तीन वर्षांची अशी वही हातात असेल, तर उजनीच्या प्रश्नावर कोणत्याही अधिकाऱ्यासमोर बसताना आपल्याकडे भावनेपेक्षा भक्कम काही असेल. कामाला सुरुवात करायला जून चांगला, पहिल्या पाण्याचा बाजार बघायला मिळतो.